चालवणाऱ्याचा विमा

चढावरच्या घरांना गॅस पोचवणारा सिलिंडरवाला ओळखला जायचा तो त्याच्या एटीव्हीमुळे. जाड चाकांची, खडकांवरून चढणारी ती बुटकी गाडी. चढाला चिकटून चालते म्हणून लोकांनी तिचं नाव घोरपड ठेवलेलं. डांबरी रस्ता संपला की बाकीच्या गाड्या माघार घ्यायच्या आणि हा गडी भरलेली सिलिंडरं पट्ट्यांनी आवळून वर निघायचा. तिचे लाड तरी किती! स्वतःची चप्पल झिजून चकती झाली तरी चालेल, पण घोरपडीच्या टायरात खडा अडकला तर स्वारी उकिडवी बसून तो कोरून काढणार. बायको म्हणायची, "पुढच्या जन्मी मला एटीव्हीच होऊ दे."

गाडी नवी होती तेव्हा विमावाल्या ताई घरी आल्या होत्या. त्यांनी एकेक करून समजावलं: समोरच्याचं नुकसान, गाडीची मोडतोड, चोरी, आग. हा प्रत्येकाला हो म्हणत गेला, हेडलाइटसुद्धा सोडला नाही. शेवटी ताईंनी विचारलं, "आणि चालवणाऱ्याचा?"

"मला काय धाड भरलीय?" तो हसला होता. "माझं सोडा, हिला जपा."

पुढे एकदा ओल्या मुरमावर घोरपड उलटली आणि याच्या कमरेवरून गेली. विमा कंपनीने शब्द पाळला. गाडी दुरुस्त होऊन दारात आली, नवी चाकं, नवा हेडलाइट, खरचटल्याची खूणसुद्धा नाही. याचे पाय मात्र गेले ते गेलेच. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसून तो तिच्याकडे बघायचा आणि त्याला तिचा असा राग यायचा की उठून लाथ घालावी. तेवढंही नशिबात नव्हतं.

घर चालायला हवं म्हणून मग बायकोने हँडल धरलं. आधी मोकळी गाडी, मग रिकामी सिलिंडरं, मग भरलेली. ती चांगली चालवायची, आणि तेच त्याला बघवत नव्हतं. तोही चांगलाच चालवायचा.

विम्याची मुदत संपत आली तशा ताई पुन्हा आल्या. त्या टेकायच्या आतच तो बायकोकडे बोट दाखवून म्हणाला, "आधी चालवणाऱ्याचा. गाडी गेली खड्ड्यात. हिचा काढा."

ताई घुटमळल्या. "तो मालकाचाच निघतो हो, मालक स्वतः चालवत असेल तर. गाडी तुमच्या नावावर आहे."

"मग करा हिच्या नावावर."

"नको," दारात पट्ट्या गुंडाळत उभी असलेली बायको म्हणाली. "तुमचं म्हणून तेवढंच राहिलंय. असू दे."

"नाव काय चाटायचंय मला?" तो खेकसला. पण ती बोलली ते खरं होतं. अजून दारात कुणी आलं तर "गाडीवाले आहेत का?" असंच विचारायचं, आणि त्याला ते ऐकायला आवडायचं. तरी त्याने सही केली.

गाडी बायकोच्या नावावर झाल्यावर ताई विम्याचे कागद घेऊन आल्या आणि वाचू लागल्या. "चालवणारा दगावल्यास पूर्ण रक्कम. एक पाय गेल्यास निम्मी. दोन्ही गेल्यास..." त्या थांबल्या.

"वाचा की," तो म्हणाला.

"पूर्ण," ताई हळूच म्हणाल्या. त्याच्या गुडघ्यांवरच्या चादरीकडे कुणीच बघितलं नाही.

"नॉमिनी कोण? म्हणजे काही झालंच तर पैसे कुणाला द्यायचे?"

"यांना," बायको म्हणाली.

त्याने खुर्ची ताईंकडे वळवली. "दुसरं कुणी लावा ना."

"दुसरं आहे कोण आपल्याला?"

ताईंनी त्याचं नाव घातलं, कागद पिशवीत सरकवले. "झालं. आता अगदी निर्धास्त राहा," असं म्हणून त्या गेल्या.

बायकोने पट्ट्या आवळल्या, घोरपड सुरू केली आणि वर निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण, तो कान लावून बसला. तिसऱ्या वळणावर आवाज तुटला. तिथे तो तुटतोच, मध्ये डोंगर येतो. "तिथून पुढे माझा जीव टांगणीला लागतो हो," असं बायको पूर्वी कितीदा तरी म्हणाली होती, आणि त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

आता ती खाली येईपर्यंत त्याला दुसरं काम नव्हतं. आणि नाहीच आली, तर तिचे पैसे हात पुढे करून घ्यायचे, एवढंच काय ते त्याच्या नावावर उरलं होतं.