दुसऱ्या अंकाची बरणी

मामंजींचं लग्न झालं नव्हतं. मुलगा नाही, सून नाही, नातवंडांचा तर प्रश्नच नाही. तरी कंपनीतले लहानथोर त्यांना मामंजीच म्हणत, कारण डोक्यात पहिला पांढरा केस दिसला त्या वर्षापासून रंगमंचावर त्यांनी सासऱ्याखेरीज दुसरं काही केलंच नव्हतं. खाष्ट सासरा, भोळा सासरा, अंथरुणाला खिळलेला सासरा. एका नाटकात तर पडदा उघडण्याआधीच वारलेला सासरा! त्यात फक्त भिंतीवरचा फोटो त्यांचा होता. पण तिथेही काम उणं पडू नये म्हणून फोटो काढताना त्यांनी श्वास रोखून धरला होता.

नव्या नाटकात त्यांच्या वाट्याला एकच प्रवेश आला आणि त्यात एकच वाक्य. मुलाने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सुनेशी अबोला धरलेला म्हातारा दुसऱ्या अंकात जेवायला बसतो. सून ताट वाढते, शेजारी स्वतः घातलेल्या लोणच्याची बरणी ठेवते आणि भीतभीत विचारते, “कसं झालंय?” म्हातारा ताटाला हात लावत नाही. बरणी मात्र उघडतो. व्हिनेगरात मुरलेल्या काकडीची फोड तोंडात टाकतो. चावतो. थांबतो. पुन्हा चावतो. आणि मान वर न करता म्हणतो, “मीठ बरोबर आहे, पोरी.”

बस्स, एवढंच. पण त्यावर सगळं थिएटर नाकं पुसू लागे. शेवटच्या रांगेतली शेंगदाण्याची पुडीसुद्धा वाजायची थांबे. त्या एका वाक्यासाठी मामंजी सकाळपासून आवाज जपून ठेवत. चहा हवा असला तरी खुणेने मागत, आणि मग कॉफी आली तर मुकाट्याने पीत.

लोणचं खरंखुरं असे. कपडेपट सांभाळणाऱ्या अक्का ते घालत. खरं सांगायचं तर ती फोड म्हणजे मामंजींच्या दिवसातला सुखाचा घास होता. गावोगावच्या खाणावळींत जे पानात पडे ते सगळं एकाच पातेल्यातून निघाल्यासारखं लागे. जिभेवर काहीतरी घडलं असं वाटायचं ते थेट दुसऱ्या अंकात.

पण त्या प्रवेशावर मालकांचा डोळा होता. मालक हिशेबी, नाटकं कापण्यात वाकबगार. पाठीमागे सगळे त्यांना ‘कात्री’ म्हणत.

“मामंजी, लोक तिकीट काढतात ते तुम्हाला जेवताना बघायला का हो?”

“जेवताना नव्हे मालक, विरघळताना.”

“मग लवकर विरघळा! बर्फसुद्धा तुमच्या आधी विरघळतो. आणि सांगून ठेवतो, त्या बरणीचा एक जरी घोटाळा झाला तर प्रवेश गेलाच म्हणून समजा. मीठ बरोबर आहे हे सूनबाई स्वतःच सांगेल.”

सूनबाई म्हणजे नाटकातली नायिका. तिलाही हे नाव चिकटलं होतं. गुणी मुलगी, पण डोळ्यांत पाणी आलं की काजळ जाईल या धास्तीने कधी पुरतं रडत नसे.

घोटाळा झाला तो कंपनीच्या शिस्तीमुळे. नाटकाचं सामान अंकांप्रमाणे बांधलं जाई. पहिल्या अंकाची पेटी, दुसऱ्याची, तिसऱ्याची. सामानवाले दादा म्हणजे या शिस्तीचा पुतळाच. दुसऱ्या अंकात कंदील, इस्त्री, पाट आणि बरणी लागते ना? मग ती चौघं एकाच लोखंडी पेटीत, आणि पेटी बसच्या टपावर. बर्फाची पेटीही होती कंपनीत, पण ती खाण्यापिण्यासाठी. तिच्यात मालकांचं औषध, नायकाचं सरबत आणि सूनबाईचा चेहऱ्याला लावायचा बर्फ. बरणी हे दादांच्या लेखी खाणं नव्हतंच. ते सामान होतं.

एरवी अक्का मुक्काम आला रे आला की दादांशी भांडून बरणी काढून घेत आणि बर्फात ठेवत. पण या खेपेला अक्का भाचीच्या घरी उतरल्या होत्या, त्या थेट प्रयोगाला येणार होत्या. मधले कितीतरी दिवस बरणी टपावर ऊन खात बसली.

रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी दादांनी पेटी उघडली आणि बरणी उजेडात धरली. आतलं पाणी दुधाळ झालं होतं. फोडींना बारीक बुडबुडे चिकटले होते.

“मामंजी,” दादा हळूच म्हणाले, “हिला घाम फुटलाय.”

बघताबघता रंगपटात सभा भरली. मामंजी एका गालाला रंग लावून आणि एक गाल तसाच ठेवून वकिलाच्या आवेशात उभे राहिले. आवाज राखून ठेवायचं पार विसरले.

“मुरतंय ते. मुरताना पाणी गढूळ होतंच.”

“झाकण बघा की, फुगलंय,” दादा म्हणाले.

मामंजींनी झाकणावर अंगठा दाबला. टक् असा आवाज आला आणि झाकण पुन्हा वर आलं. “ते आधीपासूनच तसं आहे. ठेवणच आहे त्याची.”

“अहो, मग खाऊ नका ना,” सूनबाई भुवई कोरता कोरता म्हणाली. “चावल्याचं नाटक करा. नट आहात की नाही?”

“करून पाहिलंय मी तालमीत. पोरी, माझ्या तोंडात काही असल्याशिवाय माझ्या डोळ्यांत काही येत नाही.”

“मग दुसरी बरणी आणा कुणीतरी!” सूनबाई म्हणाली.

“रविवार आहे. दुकानं बंद,” दादा म्हणाले. “वासाला तर बरं वाटतंय बुवा. झाकणावरून.”

तेवढ्यात पिशवी सावरत अक्का आल्या. त्यांनी बरणी पाहिली, मग मामंजींचा अर्धा रंगलेला चेहरा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली.

“फेका.”

“अक्का, अहो, आधी उघडून वास तरी—”

“वासाचं काय घेऊन बसलात? वास चांगला येतो म्हणून माल चांगला असतो असं कुणी सांगितलं? नाक फसतं, आणि भोगतं ते पोट. ज्या बरणीसाठी सभा बोलवावी लागते ना मामंजी, तिचा निकाल लागलेला असतो.”

“पण तुमच्या हातचं आहे हो!”

“माझ्या हातचं होतं. आता उन्हाच्या हातचं आहे.”

दारात मालक उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद. “म्हणजे बरणी नाही. बरणी नाही, म्हणजे प्रवेश नाही. दादा, पाट काढून टाका.”

हा प्रवेश एकदा कापला की परत जोडला जाणार नाही हे मामंजींना पक्कं ठाऊक होतं. मग काय? पुन्हा भिंतीवरचा फोटो.

“बरणी आहे, मालक,” ते म्हणाले. “उत्तम आहे. मी खाणार आहे.”

“मामंजी!” अक्का ओरडल्या.

“एका फोडीने काय होतंय?”

“काय होतंय ते उद्या बसमध्ये आम्हालाही कळेल,” मालक म्हणाले आणि तिसऱ्या घंटेसाठी निघून गेले.

दुसरा अंक सुरू झाला. मामंजी पाटावर येऊन बसले. विंगेत अक्का हातात इस्त्री घेऊन उभ्या, मान नाही-नाही अशी हलवत. समोर अंधारात भरलेलं थिएटर. सूनबाईने ताट वाढलं, बरणी ठेवली. विचारलं, “कसं झालंय?” आणि या खेपेला तिच्या आवाजात खरीखुरी भीती होती.

मामंजींनी बरणी मांडीवर घेतली. झाकण हलेना. त्यांनी दात आवळले, जोर लावला.

फुस्स!

झाकण उडालं, थेट मामंजींच्या हनुवटीवर आपटलं आणि गोल गोल फिरत सूनबाईच्या पायाशी जाऊन पडलं. पांढरा फेस बरणीच्या गळ्यावरून उतू जाऊन धोतरावर आला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं थिएटर खिदळू लागलं.

मामंजी बरणीकडे पाहत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी लेखकाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. आता “मीठ बरोबर आहे” म्हणावं तर मीठच धोतरावर. फोड उचलून खावी? हात पुढे गेला. फोड बोटांना बुळबुळीत लागली. विंगेत अक्कांनी इस्त्री उगारली.

मामंजींनी फोड परत बरणीत सोडली. बोटं धोतराला पुसली. आणि हशा ओसरेपर्यंत थांबले. थांबणं त्यांना जमत होतंच.

“बघितलंस, पोरी?” ते हळूच म्हणाले. “इतके दिवस झाकण लावून बसलं की असं होतं.”

कुणीतरी अजून हसत होतं, ते गप्प झालं.

“बरणीचंही. आणि माझंही.”

सूनबाई हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होती. काजळाचा विचार करायला तिला सवडच मिळाली नाही. दोन्ही गालांवरून काळे ओघळ उतरले.

“हे टाकून दे,” मामंजी म्हणाले. “आपण नवं घालू. मीठ मी बघतो.”

टाळ्या काही थांबेनात. दादा पाट उचलायला आले तर डोळे पुसायच्या नादात बरणी तिथेच विसरून गेले, म्हणजे शिस्तीलाही तडा गेला.

पडदा पडताच मालक धावत आले. “मामंजी, रोज हवं! हे फुस्स रोज हवं!”

“रोज कसं होणार, मालक?” दादा म्हणाले. “लोणचं काय आपल्या हुकमावर नासतं होय?”

“मग ठेवा टपावर!”

“ठेवा, म्हणजे फुटेल एक दिवस कुणाच्या तरी तोंडावर,” अक्का म्हणाल्या. त्यांनी बरणी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि साबणाने खसाखसा हात धुतले. शेवटी दादांनीच युक्ती काढली. नव्या बरणीत नुसतं व्हिनेगर, आणि वर सैलशा झाकणाखाली खायच्या सोड्याची पुडी, जी झाकण उघडताना आत पडे. फुस्स तर झालं, आणि खायला त्यात काही उरलंच नाही.

प्रवेश वाचला, उलट लांबला. पण मामंजींचा घास गेला. टाळ्या घेऊन विंगेत येत तेव्हा त्यांचा चेहरा उपाशी माणसाचा दिसे. दोन-तीन प्रयोग अक्कांनी ते पाहिलं. मग एके दिवशी बर्फाच्या पेटीत, मालकांच्या औषधाशेजारी, लाल झाकणाचा एक डबा आला. मामंजी प्रवेश संपवून आले की अक्का तो पुढे करत आणि लगेच परत बर्फात ठेवत.

पहिल्या दिवशी मामंजींनी फोड तोंडात टाकली. चावली. थांबले. पुन्हा चावली. इथे कापायला मालक नव्हते.

“कसं झालंय?” इस्त्री न थांबवता अक्कांनी विचारलं.

“मीठ जरा कमी आहे.”

इस्त्री थांबली. “आणि इतके दिवस बरोबर होतं ते?”

“ते नाटकात, अक्का. लेखकाचं वाक्य.”

अक्कांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग कपड्यांच्या ढिगामागून काकड्यांची पिशवी काढली, सुरी आणि ताट मामंजींच्या मांडीवर आदळलं आणि मिठाचा डबा शेजारी ठेवला.

“मीठ मी बघतो, असं त्या पोरीला सांगत असता ना रोज? बघा मग.”

मामंजींनी मिशी काढून खिशात ठेवली, बाह्या सारल्या आणि काकडी हातात घेतली. चिरायचं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“अहो, देठाकडून,” अक्का म्हणाल्या.