पुस्तकातले बापू

खापर गावच्या आठवडी हाटाच्या दिवशी संध्याकाळ झाली की बायका दारात येऊन वाटेकडे बघत बसायच्या. हाट उठला की पुरुष परस्पर गुत्त्यावर. आमचे बापूही त्यातलेच. मायच्या पाटल्या त्यांनी पिऊन टाकल्या, आता काय लपवायचं!

मग एका वर्षी बापू आणि पिंजारी चाचा, दोघे गुत्त्यावरचे जुने सोबती, यांनीच आमच्या ओट्यावर बैठक सुरू केली. नेमकी हाट उठायच्या वेळेला. कीर्तन नाही, उपदेश नाही. गुळाचा चहा घ्यायचा आणि आपण दारूपायी काय घालवलं ते ज्याचं त्याने सांगायचं. नियम एकच: तल्लफ आली की एकट्याने झुंजायचं नाही, दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. हसू नका, माणसं सुटली हो त्याने!

ही सगळी सांगणी शाळामास्तरांनी लिहून घेतली, त्यांचं छोटं पुस्तक छापलं. त्यात गावाचं नाव होतं, माणसाचं कुणाचंच नव्हतं. पण पहिल्याच पानावरचा, बायकोच्या पाटल्या विकणारा तो माणूस कोण, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोक बापूंना वाकून रामराम करू लागले. माय मिरवायची, मीही मिरवायचे.

आणि एका लग्नात बापू पुन्हा प्यायले. दुसरा कुणी असता तर बैठकीत येऊन रडला असता, मोकळा झाला असता. बापू कोणत्या तोंडाने सांगणार? ते छापले गेले होते ना! चाचा दारावर थापा मारून थकले. शेवटी बैठक चाचांच्याच अंगणात भरू लागली.

मी माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. धडगावकडून एक माणूस घाट उतरून चालत आला. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. बापू ओट्यावरच बसले होते, पण त्याने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पुस्तकातला पहिला माणूस इथेच राहतो का, असं त्याने विचारलं.

बापूंनी उपरणं तोंडावर ओढलं. "तो मानूस मरी गया," म्हणाले.

दारात दाणे पाखडता पाखडता माझं सूप थांबलं.

तो माणूस ओट्याच्या कडेला बसला. "मंग मी कोनाजोडे बसू, भाऊ? सकाळपासून जीव नुसता दारूकडे ओढतोय."

अरे देवा, दोघं एकाच ओट्यावर होते! हातभर अंतरावर! बापूंनी उपरणं आणखी खाली ओढलं. ते उठून आत गेले.

तो थोडा वेळ एकटाच बसला. मग गुत्त्याच्या वाटेला लागला.