पदकाची कड

धाकटा भाऊ सीमेवरच्या लढाईत गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. जखमी सोबत्यांना ओढून आणायला तो दोनदा गोळीबारात शिरला, दुसऱ्यांदा परत आला नाही. पुढच्या वर्षी त्याचं शौर्यपदक मायच्या हाती दिलं गेलं आणि केळझरच्या घरी लोखंडी कपाटात जाऊन बसलं. मी माहेरी आले की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचं, मानपत्र वाचून दाखवायचं, हे काम माझं. मी थोरली, सिंदी मेघेला दिलेली, शाळेत शिकवणारी; घरातल्या शहाणपणाचा मक्ताच माझ्याकडे होता.

त्या दिवाळीला माहेरी पोचले, तर अंगणातल्या दोरीवर पदकाची रंगीत फीत चिमटा लावून वाळत घातलेली. न्हाणीपाशी माय चिंच आणि राख घेऊन देव घासत होती. धनतेरसेच्या सकाळी आमच्याकडे देव्हारा असा रिकामा होतो. परातीत बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि त्यांच्यात पदक.

"माय, काय करून राह्यली तू हे?" मी चपला न काढताच ओरडले.

"काऊन ओरडते बाई? काळा पडलता बिल्ला. सगळ्यायले घासलं, अन् त्याले एकट्यालेच तसा ठेवू काय?"

पदकाच्या कडेवर त्याचा नंबर आणि पूर्ण नाव बारीक अक्षरांत कोरलेलं होतं. ते घासून गेलं असलं तर दुसरं कोण देणार होतं? मी पदक हिसकावलं. कड चिंचेनं बरबटलेली, एक अक्षर दिसेना. मग मी मायला जे बोलले, ते आज लिहायचीही लाज वाटते.

आवाज ऐकून बाबा गोठ्यातून आले. त्यांनी चष्मा लावला, पदक पाण्यात बुडवलं आणि काडीनं कडेतली चिंच कोरून काढायला लागले. आधी आकडे दिसले. मग एक अक्षर, मग दुसरं.

"हाये. पुरं हाये," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच ओट्यावर बसले आणि रडले.

माय परातीपाशी तशीच होती. "त्याचं नाव हाये त्याच्यावर?" तिनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. अख्ख्या गावाला मी मानपत्र वाचून दाखवलं होतं. मायला वाचता येत नव्हतं, आणि कडेवर नाव आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कुठून सुरू होते?" तिनं राखेचे हात लुगड्याला पुसले.

मी तिचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. घरात आम्ही त्याला दोन अक्षरी लाडक्या नावानंच हाक मारायचो. मायचं बोट कडेवरून हळूहळू सरकत गेलं, शेवटाला पोचलं, पुन्हा पहिल्यापाशी आलं. मग ती बाबांकडे पाहून हसली.

"केवढं लंबं नाव ठेवलं होतं हो आपण त्याचं."