तोंडी माप

मंडी मोहल्ल्यातल्या अंबूताईंच्या शिवणाच्या दुकानात संगणकावर चालणारं भरतकामाचं मशीन आहे. अंबूताईंनी उमेदीत हाताने काढलेले हंस, आंबे, दोन डोक्यांचे गंडभेरुंड पक्षी त्यांच्या सुनेने, वेदवतीने, मशीनला कळतील असे करून एका डिस्कवर ठेवले होते. मूळ चित्रांचे कागद केव्हाच वाळवीने खाल्ले. डिस्कची दुसरी प्रत करायची राहून गेली.

हुणसूरहून मागणी आली: आईच्या लग्नातल्या ब्लाउजवर होता तोच दोन चोचींचा गंडभेरुंड लेकीच्या ब्लाउजवर हवा. अंबूताई हो म्हणून बसल्या आणि त्याच आठवड्यात डिस्क दिसेनाशी होऊ लागली. संगणक सुरू केला की दिसे, नमुना उघडेपर्यंत गायब.

“मेली ती. नवी आणतो,” वेदवतीचा नवरा चिदंबर आईला म्हणाला.

“नव्या डिस्कवर माझे पक्षी उडत येतील काय रे? सुम्ने, गप्प बस!” अंबूताईंचा हात आता थरथरत असे. तो पक्षी पुन्हा काढणं जमणार नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

वेदवतीची नोकरी घरात कुणाला धड सांगता येत नसे. संगणक आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यात बोलणी करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि ती ते लिहिते. म्हणून तीच दुकानात ठाण मांडून बसली. डिस्कला जागी व्हायला वेळ लागत असेल, असं धरून तिने ड्रायव्हरला जास्त थांबायला लावलं. तो थांबला. डिस्क आली नाही. तिने थांबणं आणखी वाढवलं. तेच.

तेवढ्यात एक बाई ब्लाउज टाकायला आल्या. “माप मागचंच हो अंबूताई, काही बदल नाही.”

“हो हो, बदल कसला!” म्हणत अंबूताईंनी टेप त्यांच्या खांद्यावरून फिरवला, कंबरेभोवती घेतला आणि सरळ निराळेच आकडे लिहिले. बाई खुशीत गेल्या.

“अत्ते, त्यांना सांगितलं नाहीत?” वेदवतीने सासूला विचारलं.

“कशाला? तोंडी मापावर मी कात्री चालवत नाही. आणि टेपने काय सांगितलं ते गिऱ्हाइकाला ऐकवत नाही.”

वेदवती स्क्रीनकडे वळली. डिस्क सुरू होताना स्वतःबद्दल जे सांगते, ते तिने खरं धरलं होतं. डिस्कच्या पोटात कारखान्यातूनच एक प्रोग्राम भरून येतो, फर्मवेअर. तो सांगत होता, ‘मला काम नसताना डुलकी घेता येते.’ संगणक बिचारा वीज वाचवायला तिला निजवत होता. वेदवतीने डिस्क मुद्दाम निजवून पाहिली; उठणं तिला येतच नव्हतं.

तिने ड्रायव्हरमध्ये लिहिलं: डिस्क काहीही म्हणो, निजवू नकोस. आणि नमुने दुसरीकडे उतरवायला घेतले. अंबूताई मागे उभ्या. हंस आले, आंबे आले.

“अय्यो, आता जाते बघ.”

गेली नाही. गंडभेरुंडही आला, दोन्ही चोचींसकट.

तीच दुरुस्ती वेदवतीने ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवली. कुठल्याशा देशातल्या परीक्षकाने ती परत केली: तुम्ही या कंपनीच्या सगळ्याच डिस्क जाग्या ठेवल्यात, बाकीच्यांची झोप का मोडता? बरोबरच होतं. तिने तेवढंच मॉडेल, तेवढंच फर्मवेअर धरून पुन्हा पाठवली. या वेळी घेतली गेली.

“म्हणजे अशी डिस्क दुसऱ्या कुणाकडे असेल तर?” अंबूताईंनी विचारलं.

“संगणक नवा ड्रायव्हर घेईल आणि तिला निजवणार नाही. त्यांना कळणारही नाही.”

“मग बरं.”

मशीन हुणसूरच्या ब्लाउजवर पहिली चोच भरत होतं. अंबूताई जरा वेळ बघत राहिल्या. मग खणातून कोरा कागद काढून सुनेपुढे बसल्या.

“एक मोर मनात आहे. पण माझी रेघ हलते गं.”

“हलू दे. तेवढं मी सावरून घेते.”

त्यांनी पेन्सिल उचलली.