दिव्यापाशी मोजा

तात्यांचे डोळे अधू झाले असं घरात ठरलं, तेव्हा तपासणीत कुणी काही कमी ठेवलं नव्हतं. तात्या म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्याच्या भरावावरून सायकल मारलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मोटार घेतली. ती त्यांना एकाच कामासाठी हवी होती: बारामतीहून सणसरला थोरल्या बहिणीकडे, आमच्या अक्काकडे, मनात येईल तेव्हा जायचं आणि एसटीची वाट न बघता परतायचं. अक्काच्या घरची माणसं दिवसभर उसात. ती आल्यावर चूल पेटायची आणि जेवल्याशिवाय अक्का सोडत नसे, त्यामुळे तात्या निघेपर्यंत अंधार पडलेला असायचा.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. अक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तिला दवाखान्यातून घरी न्यायची म्हणून तात्यांनी गाडी रंगवून घेतली. पिस्ता रंग. पट्टी सुटल्यावर अक्कानं आधी गाडी बघितली, मग भावाला. "रंग झ्याक हाय रं. पर तू लई म्हातारा झालास," म्हणाली.

पुढचा पावसाळा सरला आणि तात्या म्हणायला लागले, संध्याकाळी रस्ता दिसत नाही. गाडी गॅरेजला दाखवली. मेकॅनिकनं बॅटरीला मीटर लावलं, व्होल्टेज बरोबर. इंजिन चालू करून पुन्हा लावलं, तेही बरोबर. "गाडीत काय न्हाय तात्या. तुमीच एकदा डोळं दाखवा," तो हसत म्हणाला. दुसऱ्या गॅरेजातही तेच झालं. मग मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता आणि मोतीबिंदूची सुरुवात होती, जी त्या वयात कुणालाही असते. पण अक्काचं ऑपरेशन ताजं होतं. तात्यांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला.

नवा चष्मा आला तरी रस्ता दिसेना. पुढे हॉर्नही नीट ऐकू येईना. उसाच्या बैलगाड्या बाजूला सरत नाहीत म्हणून कुरकुरायचे आणि वर स्वतःच म्हणायचे, "डोळं गेलं, आता कान बी चालले. एकेक पार्ट निघतोय." आम्ही हसायचो. बैल का सरकत नाहीत, हे कुणी विचारलं नाही. बैलांचे कान तर चांगले होते.

मग तात्या दिवस मावळायच्या आत परतायला लागले. अक्काला ते लागलं. "आता माझी भाकरी कडू लागती व्हय?" तिनं माझ्यादेखत विचारलं. तिला दिसायला लागलं आणि आपलं गेलं, हे तिला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. "घरी काम असतं," म्हणाले. निवृत्त माणसाला कसलं काम, हे अक्काला कळत होतं. तिनं पुन्हा थांब म्हटलं नाही.

हळूहळू तात्या दिवसाही बिचकायला लागले. एखादं पोर आडवं आलं आणि दिसलंच नाही तर? एके दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी इंदापूरला सासरी राहून नोकरी करत होते, गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे ते अक्काकडे एसटीनं जायचे, उभ्या उभ्या भेटून परत. तेही कमी होत गेलं. उन्हाळ्यात अक्का गेली.

त्यानंतर एकदा लोणी देवकरहून लग्न आटोपून मी परतत होते. अंधारून आलं, दिवे लावले, पण रस्त्याच्या कडेचे पांढरे दगडसुद्धा दिसेनात. माझे डोळे ठणठणीत. आमच्या घरात सुईत दोरा मीच ओवते. गाडी कडेला घेऊन उतरले आणि समोर जाऊन पाहिलं. दोन्ही दिवे रॉकेलच्या चिमणीसारखे पिवळे.

दुसऱ्या दिवशी इंदापुरात गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याकडे गेले. बडबड्या माणूस. त्यानंही मीटर काढून आधी बॅटरीलाच लावलं. "ताई, बॅटरी पैलवान हाय. बल्ब बदलू."

"बदला. पण आधी दिव्यापाशी मोजा."

"तितं काय येगळं येणार हाय?"

"आमच्या घरी संध्याकाळी मिक्सर फिरत नाही. तक्रार केली की वायरमन रस्त्यावरच्या डीपीपाशी मोजतो आणि सांगतो, व्होल्टेज फुल आहे. मला डीपीपाशी चटणी वाटायची नसते."

हसत हसत त्यानं दिवे लावले आणि बल्बच्या मागे मीटर धरलं. बॅटरीवर बारा, इथे नऊ. "मधल्या मधी तीन कुणी खाल्लं?" तो स्वतःशीच म्हणाला. वायर धरून शोधत गेला. दिव्यांची अर्थिंगची वायर पुढच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेली होती. बोल्ट काढला तर वायरीखाली पिस्ता रंग. रंगवणाऱ्यानं सगळा पत्रा रंगवून वायर रंगावरच आवळली होती. रंगातून करंट जात नाही; बोल्टच्या आट्यांतून जाईल तेवढाच जात होता, आणि पावसाळ्यात आटेही गंजले. हॉर्नची वायर त्याच बोल्टला. त्यानं पॉलिश पेपरनं रंग खरवडून वायर पुन्हा आवळली. समोरच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला. मागवलेला चहा यायच्या आत काम झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी बारामतीला जाऊन तात्यांना सगळं सांगितलं. हॉर्न वाजवला तर दारातलं कुत्रं उठून गेलं. त्यांनी मला बोनेट उघडायला लावलं आणि बोल्टभोवतीचा उघडा पत्रा बोटानं चाचपला.

"रंग दिला तवापासनं?"

"हो."

"म्हंजे मला दिसत व्हतं."

मी किल्ली पुढे केली. ते बसले, सेल्फ मारला, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. समोरून एक सायकल येत होती, बरीच लांब. त्यांनी ब्रेक दाबला आणि ती निघून जाईपर्यंत दाबूनच धरला. मग उतरून माझ्या बाजूला आले. "तू घे. हाताला सवय न्हाय राह्यली."

त्या संध्याकाळी आम्ही सणसरला गेलो. अक्काच्या सुनेनं जेवायला थांबवलं, तात्या थांबले. परतताना कालव्याकडेची झाडं लांबूनच एकेक करून उजेडात येत होती. तात्या ती बघत बसले होते. बारामती येईपर्यंत एकदाच बोलले.

"अक्काला कडू भाकरीचंच खरं वाटलं आसंल."