पुंजाजी कोतवालाच्या दोन मुली

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, मैना आया होती. १९५१ साली नवरा गेला आणि त्याच वर्षी ती कामाला लागली. भांडं द्यायचं, रिकामं करून आणायचं, अंग पुसायचं, चादरी बदलायच्या. घरचे लोक ज्याला नाक मुरडतात ते सगळं तिचं काम. पण हाताला काय गुण होता! महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या बाईला कुशीवर वळवायचं तर ती आधी कमरेखाली तळवा सरकवी, "सोड बाई श्वास" म्हणे, आणि सुटल्या श्वासासरशी बाई अलगद वळे. तिच्या पाळीत कुणाच्या पाठीला जखम पडली नाही. नव्या नर्स हे तिच्याकडूनच शिकत, आणि शिकून झालं की "मावशी, भांडं आणा" म्हणून हुकूम सोडत. जगाची रीतच ती, त्याचं मैनाला नवल नव्हतं. राग मात्र येई.

त्या रागापोटीच ती शिकली. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला. मैना पाटी घेऊन बसली ती सातवीची परीक्षा बाहेरून देऊनच उठली. हसणाऱ्यांचे दात दिसले, हिचा निकाल दिसला.

१९६१च्या उन्हाळ्यात सिस्टर माणिकबाईंनी तिच्या हातात अर्ज ठेवला. अमरावतीला सहायक नर्सचा दोन वर्षांचा कोर्स होता. तो झाला की अंगावर पांढरी साडी, हातात सुई, आणि मावशी म्हणून हाक मारायची कुणाची छाती नाही. अटी दोनच: सातवी पास आणि वय पस्तिसापर्यंत. मैना तीस वर्षांची होती. तिला वाटलं, आता आपलं सोनं झालं.

ऑफिसातल्या कारकुनानं तिचं सर्व्हिस बुक उघडलं. "छत्तीस," तो म्हणाला. "एका वर्षानं गेलं, बाई."

मैनाच्या पायाखालची जमीन सरकली, कारण करणी तिचीच होती. ती कामाला आली तेव्हा पंचविशीच्या आतली बाई घेत नसत. तरणी विधवा वॉर्डात नको, असा तिथला रिवाज. ती तर विसाची. खोटं बोलायचं जिवावर आलं, म्हणून तिनं लहानपणी देवीच्या साथीत गेलेल्या थोरल्या बहिणीचं वय सांगितलं, सव्वीस. वय घरातलंच आहे, अगदीच खोटं कसं म्हणावं, असं तिला वाटलं होतं. भोळेपणावर औषध नसतं.

"जन्माचा उतारा आणा, दुरुस्त होईल," कारकुनानं सांगितलं. रजा काढून मैना मूर्तिजापूरच्या कचेरीत गेली.

तिथला कारकून देवराव भला माणूस होता. त्यानं जुनी पुस्तकं झटकून तिच्या बापाच्या नावच्या नोंदी काढल्या. १९२५, पुंजाजी कोतवाल याला मुलगी झाली. १९३१, पुंजाजी कोतवाल याला मुलगी झाली. १९३५, पुंजाजी कोतवाल याची मुलगी देवीनं मयत. नाव कुठंच नव्हतं, आणि मयताच्या वयाचा रकाना कोरा.

"आता मेली ते कोणती अन् तुमी कोणत्या?" देवराव म्हणाला. "सर्व्हिस बुकात तं पंचवीसचं साल हाय म्हनता. कागदानं पाह्यलं तं धाकटी मेली."

आपण मेलो हे मैनानं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती गावाहून बापाला घेऊन आली. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची वर्दी ठाण्यावर पोचवायची हेच पुंजाजीचं काम. चाळीस वर्षं त्यानं ते केलं होतं.

"बाबा, आमचं नाव काहून नाही सांगतलं?" वाटेत तिनं विचारलं.

"बारसं बाराव्या दिवशी, बाई. वर्दी त्याच्या आंधीच द्या लागे. मंग पोरीचं नाव कोनी इचारेच ना. साऱ्या गावाच्या पोरी म्या अशाच लिवून देल्या."

देवरावानं वाट काढली. बाप स्वतः कोतवाल; त्यानं दोन्ही मुलींची नावं सांगावी, कोणती गेली ते सांगावं, जबानी वर पाठवू, साहेब सही करतील. मैनाच्या जिवात जीव आला. पुंजाजी जुन्या सवयीनं हात बांधून ताठ उभा राहिला.

"धाकटी मैना. हे उभी हाय. गेली ते थोरली."

"थोरलीचं नाव?"

"थोरलीच म्हनो आमी," पुंजाजी म्हणाला.

"ते घरातलं झालं. नावाबिगर जबानी वर चालत नाही. नाव काय?"

आई जाऊन दहा वर्षं झाली होती. बहीण गेली तेव्हा मैना चार वर्षांची, ती तिला नुसतं 'बाई' म्हणायची. ती बापाच्या कानाशी लागली. "रुख्मिणी सांगा. काहीबी सांगा, बाबा. माह्या जिंदगीचा सवाल हाय."

"खोटी वर्दी म्या कधी देल्ली नाही, पोरी. एकबी नाही."

हे देवरावानंही ऐकलं. आता त्यालाही काही लिहिता येईना. त्यानं पेनाला टोपण लावलं.

कचेरीच्या पायरीवर बसून पुंजाजी ओक्साबोक्शी रडला. "दहा वर्साची होती, मैना. तिचं नाव मले आठवून नाही राहिलं." थोरली गेल्याला सव्वीस वर्षं झाली होती. शेजारी उभ्या असलेल्या पोरीचं आज काय गेलं, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. मैनाला असा संताप आला की याला इथंच टाकून निघून जावं. पण ऊन भारी होतं आणि म्हाताऱ्याला दिसत कमी. तिनं त्याला हाताला धरून गावच्या गाडीत बसवलं आणि स्वतः अकोल्याची गाडी धरली. सिस्टर माणिकबाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि अर्ज परत घेतला.

जुलैत अमरावतीला वर्ग भरले. त्या दिवशी वॉर्डात मैनाची पाळी सकाळची होती.