सुलोचनाबायच्या बालदीचे किलो

तुये औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सुलोचनाबाय बावीस वर्षं साठ ताटांचं जेवण रांधत होती. भाजी तिने कधी किलोत मोजली नाही. दहा लिटरची बालदी, बस्स. चिरलेली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, चार बालद्या, भोपळा एक, कोबी दोन. कधी उरलं नाही, कधी कुणाचं ताट रिकामं राहिलं नाही.

मग स्टोअरवर निखिल आला. प्रत्येक वाक्याला इस्त्री करून बोलणारा.

"मावशी, बालदी हे युनिट नाही. किलोत लिहून द्या. बेसिक आहे हो!"

"माका किलोत जमणा नाय, निखिलबाब."

"मग मी करतो." त्याने मोबाइलवर बोट फिरवलं. दहा लिटर म्हणजे दहा किलो, चार बालद्या म्हणजे चाळीस.

सोमवारी टेंपोतून चाळीस किलो तांबडी भाजी उतरली. ओटा भरला, बाकडी भरली, गॅससुद्धा दिसेना. भाजी निवडणारा म्हातारा दत्ताराम दारातच थबकला. "गे बाय, भितर जावचा खंयसून? ही रांधूची की लावणी करूची?"

मॅनेजर धावत आले. निखिलने बोट दाखवलं ते बालदीकडे. "सर, यांचं मापच चुकीचं आहे." झालं! एक तारखेपासून म्हापशाचा, ग्रॅममध्ये लिहून देणारा स्वयंपाकी आणायचं ठरू लागलं.

सुलोचनाबायचे कान तापले. हिशेब त्याचा चुकला आणि चूल माझी जायची?

"साहेब, तीन दिवस द्या. आणि पॅकिंगचो काटो द्या."

तीन दिवस तिने दिसेल ते काट्यावर चढवलं. आधी देठासालांसकट, मग साफ करून, चिरून, बालदीत भरून. दर वेळी आधी बालदी हाताने उचलायची, मग काटा बघायचा. बावीस वर्षांत हाताला वजन पाठ झालंच होतं. आता त्याला आकडा जोडायचा होता.

गुरुवारी मॅनेजर, निखिल आणि अर्धं पॅकिंग खातं स्वयंपाकघरात लोटलं. बालद्या निखिलने स्वतः भरल्या.

सुलोचनाबायने कोबीची उचलली. "रिकामी बालदी सोडून तीन किलो."

काटा म्हणाला, दोन किलो नऊशे साठ.

"भोपळो. साडेपाच."

साडेपाच! पॅकिंगवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

तांबडी भाजी भरताना निखिलने हळूच दोन्ही हातांनी दाबली. सुलोचनाबायने बालदी उचलली, थांबली, त्याच्याकडे बघितलं.

"ही अडीच. पण निखिलबाब, ही तुमी चेपलात. माझी भरता ती दीड."

काटा अडीचवर थांबला. दत्ताराम इतका हसला की त्याला ठसका लागला.

"तुमी बालदीत पाणी मोजलात," ती म्हणाली. "माझ्या बालदीत पालो असता. चार बालद्यांका सहा किलो. मुळां-देठां धरून बाजारातली धा मागवा. चाळीस न्हय!"

मॅनेजरांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "म्हापशाला फोन करून नको म्हणून सांगा. आणि निखिल, या सांगतील तसं सगळं लिहून घ्या. स्टोअरच्या भिंतीवर लावायचं आहे. वर यांचं नाव घाला."

निखिल बाकड्यावर बसला. सुलोचनाबाय कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"वांगी लिहिलात? आता भेंडे. आणि बाबा, अक्षर जरा मोठां काढा. दत्तारामाक दिसाक होया."